आठवणी आणि वाटा : मेंदूतील स्मृती आणि जागेची जाण यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधील ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळांत आणि शाळा-महाविद्यालयांत मेंदूविषयी बोलल्यानंतर जे प्रश्न हमखास विचारले जातात, ते आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा स्मरणशक्तीविषयी जाणून घ्यायचे असते आणि माझे उत्तर मात्र वाटा, घरे, चौक यांच्याकडे वळते. हे विषयांतर नाही. एखादी गोष्ट कुठे घडली आणि काय घडले, या दोन्हींची नोंद मेंदूत बऱ्याच अंशी एकाच यंत्रणेकडून होते, आणि ती यंत्रणा समजली की स्मृतीविषयीच्या पुष्कळशा शंका आपोआप सुटतात.

आठवण मेंदूत नेमकी कुठे साठवलेली असते?

कपाटातल्या एखाद्या कप्प्यात वस्तू ठेवावी तशी आठवण एका ठिकाणी ठेवलेली नसते. रामकुंडावरची एक सकाळ आठवताना पाण्यावर पडलेल्या उन्हाचे दृश्य दृष्टीशी संबंधित भागात, घंटेचा नाद श्रवणाशी संबंधित भागात आणि पायाला जाणवलेल्या ओल्या दगडाचा गारवा स्पर्शाशी संबंधित भागात जागा होतो. या विखुरलेल्या तुकड्यांना एकत्र बांधून 'ती सकाळ' तयार करण्याचे काम हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. तो दोन्ही कानांच्या आतील बाजूस, मेंदूच्या खोल भागात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असा असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून त्याला हे ग्रीक नाव मिळाले.

हे आपल्याला कळले ते एका माणसाच्या दुर्दैवामुळे, आणि त्याची हकिकत मी दरवेळी सांगतो, कारण आजच्या स्मृतिविज्ञानावर त्याचे फार मोठे ऋण आहे. अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांना अपस्माराचे इतके तीव्र झटके येत की त्यांना काम करणे अशक्य झाले होते. १९५३ मध्ये, त्यांच्या वयाच्या २७ व्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग आणि त्याच्या लगतचा भाग काढून टाकला. झटके कमी झाले, बुद्धिमत्ता शाबूत राहिली, बोलणे-चालणे पूर्वीसारखेच राहिले. परंतु त्या दिवसापासून घडलेला कोणताही नवा प्रसंग त्यांच्या स्मरणात टिकेनासा झाला. समोरचा माणूस खोलीबाहेर जाऊन थोड्या वेळाने परत आला की ते त्याला प्रथमच भेटल्याप्रमाणे भेटत. ब्रेन्डा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, आणि १९५७ मध्ये त्यांनी व स्कोव्हिल यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाने स्मृतिविज्ञानाची दिशाच बदलली.

या अभ्यासातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. मोलेसन यांना बालपणीच्या कितीतरी गोष्टी आठवत होत्या, म्हणजे जुन्या आठवणींचे सगळे भांडार हिप्पोकॅम्पसमध्ये नव्हते. दुसरे असे की, आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्याचा सराव त्यांना तीन दिवस दिला तेव्हा त्यांचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला, पण आपण असा सराव पूर्वी केला आहे हे मात्र त्यांना एकदाही आठवले नाही. सायकल चालवणे, पोळी लाटणे, तबल्यावर बोल वाजवणे यांची स्मृती वेगळ्या भागांत, विशेषतः लहान मेंदूत आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींच्या पुंजक्यांत घडते. स्मृतिभ्रंश झालेली एखादी आजी नातवाचे नाव विसरते, पण तिच्या हातून पोळी गोल लाटली जाते, त्याचे कारण हेच आहे.

मोलेसन २००८ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी वारले. पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी संशोधकांना न कंटाळता सहकार्य केले, आणि ते केल्याचे त्यांना स्वतःला कधीच आठवत नव्हते.

आठवण तयार होताना पेशींमध्ये काय बदल होतो?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. दोन चेतापेशी जेथे एकमेकींना संदेश देतात त्या सांध्याला सिनॅप्स म्हणतात, आणि नवे काही शिकताना बदल होतो तो मुख्यतः या सांध्यांत. वारंवार ये-जा झाली की गवतातून पायवाट पडते, तसा वारंवार वापरला गेलेला सांधा बळकट होतो. ही कल्पना कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडली होती. तिला प्रत्यक्ष पुरावा मिळाला १९७३ मध्ये, जेव्हा टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमधील मज्जातंतूंना थोडा वेळ जलद विद्युत्स्पंद दिले आणि पुढे कित्येक तास तेथील सांधे पूर्वीपेक्षा जोरकस प्रतिसाद देत राहिल्याचे दाखवले.

यामागील रासायनिक रचना फार सुंदर आहे. या सांध्यांवर एक विशिष्ट ग्राही, म्हणजे रासायनिक संदेश पकडणारे प्रथिन, असतो, ज्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा कण बुचासारखा बसलेला असतो. संदेश पाठवणाऱ्या पेशीकडून ग्लुटामेट हे रसायन आले, आणि त्याच वेळी संदेश घेणारी पेशीही पुरेशी उत्तेजित असली, तरच ते बूच निघते आणि कॅल्शियम आत शिरते. म्हणजे दोन किल्ल्या एकाच वेळी फिरवाव्या लागणाऱ्या कुलुपासारखी ही व्यवस्था आहे. दोन गोष्टी एकत्र घडल्या, ही नोंद येथे रेणूच्या पातळीवर होते. आत गेलेल्या कॅल्शियममुळे सांध्यावर आणखी ग्राही बसवले जातात, आणि स्मृती दीर्घकाळ टिकायची असेल तर पेशीच्या केंद्रकातील जनुके कामाला लागून नवी प्रथिने तयार व्हावी लागतात. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर केलेल्या प्रयोगांतून यातील बराच भाग उलगडला आणि त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हा ग्राही औषधाने बंद केला तर काय होते, हे रिचर्ड मॉरिस यांनी १९८६ मध्ये तपासले. पाण्याच्या मोठ्या हौदात, पृष्ठभागाखाली लपवलेला चौथरा शोधायला उंदीर एरवी काही फेऱ्यांत शिकतात. ग्राही बंद केलेल्या उंदरांना त्या चौथऱ्याची जागा नीट शिकता आली नाही. सांध्यांतील बदल, स्मृती आणि जागा ही तिन्ही येथे एकाच प्रयोगात एकत्र आलेली दिसतात.

मेंदूत खरोखर नकाशा असतो का?

असतो, पण तो कागदावरच्या नकाशासारखा नसतो. १९४८ मध्ये एडवर्ड टोलमन यांनी असा विचार मांडला की प्राणी केवळ 'येथे डावीकडे, तेथे उजवीकडे' अशी वळणांची साखळी पाठ करत नाहीत, तर परिसराचे एक मानसिक चित्र तयार करतात. त्या काळी पुष्कळांना हे पटले नाही. १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांनी मोकळ्या फिरणाऱ्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अतिशय बारीक तारा बसवून एकेका पेशीचे स्पंदन, म्हणजे तिचे विद्युत्स्पंद, ऐकले, तेव्हा असे आढळले की विशिष्ट पेशी केवळ विशिष्ट जागी आल्यावरच स्पंद पावतात. त्यांना स्थानपेशी म्हणतात.

आपल्या शहरावरून कल्पना करू. रविवार कारंजाच्या चौकात आलात की तुमच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींचा एक गट स्पंद पावेल. तेथून अहिल्याबाई होळकर पुलावर पोहोचलात की तो गट शांत होईल आणि दुसरा जागा होईल. पूल ओलांडून पंचवटीत शिरलात की तिसरा. या स्पंदनांवरून तुम्ही कुठे आहात हे बाहेरून ओळखता येईल, आणि उंदरांच्या बाबतीत संशोधक ते खरोखर ओळखतात. मात्र शेजारशेजारच्या पेशी शेजारशेजारच्या जागा दाखवत नाहीत. चौकाची पेशी एका टोकाला आणि पुलाची पेशी दुसऱ्या टोकाला असू शकते. शिवाय तीच पेशी दुसऱ्या परिसरात अगदी वेगळ्या जागेसाठी वापरली जाते. पेशी मोजक्याच, पण त्यांच्या जुळण्या असंख्य. म्हणून घर, कार्यालय, मामाचे गाव असे कितीतरी नकाशे एकाच हिप्पोकॅम्पसमध्ये नांदतात.

अंधारात किंवा डोळे मिटूनही आपण कुठे आहोत हे कसे कळते?

वीज गेल्यावर आपण पलंगापासून देवघरापर्यंत चाचपडत का होईना पोहोचतो. त्या वेळी मेंदू आपली पावले, वळणे आणि वेग यांचा हिशेब ठेवत असतो. या हिशेबाची पट्टी २००५ मध्ये नॉर्वेतील ट्रोन्डहाइम येथे माय-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेत सापडली. हिप्पोकॅम्पसला माहिती पुरवणाऱ्या एंटोरायनल कॉर्टेक्स या भागातील काही पेशी एका जागी स्पंद पावत नाहीत, तर ठरावीक अंतरांवरच्या अनेक जागी पावतात. आणि त्या जागा जमिनीवर मांडल्या तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी उमटते. म्हणून त्या जाळीपेशी. उंदराच्या मेंदूत काही पेशींची जाळी सुमारे ३० सेंटिमीटर अंतराची असते, तर काहींची काही मीटरांची. बारीक आणि मोठ्या जाळ्या एकमेकींवर ठेवल्या की नेमकी जागा ठरते.

उंदराच्या पायाखाली अशी कोणतीही जाळी आखलेली नसते. ती त्याच्या मेंदूने स्वतः निर्माण केलेली असते, आणि अंधारातही टिकते. हे प्रथम वाचले तेव्हा मी कितीतरी वेळ पुढचे पान उलटू शकलो नव्हतो, आणि आजही हा भाग सांगताना मला तितकाच आनंद होतो.

यांच्या जोडीला, डोके कोणत्या दिशेला वळले आहे हे सांगणाऱ्या दिशापेशी १९८४ मध्ये जेम्स रँक यांनी जाहीर केल्या, आणि भिंत किंवा कडा जवळ आली की स्पंद पावणाऱ्या सीमापेशींचे वर्णन २००८ मध्ये झाले. ओकीफ आणि मोझर दांपत्य यांना २०१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे सगळे उंदरांविषयी झाले. माणसांतही असेच असते का?

होय. अपस्माराच्या ज्या रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रियेपूर्वी तपासणीसाठी तारा बसवाव्या लागतात, त्यांपैकी काहींनी संमती दिली आणि संगणकावरील काल्पनिक शहरात फिरण्याचा खेळ खेळला. त्यातून माणसातील स्थानपेशी २००३ मध्ये आणि जाळीसारखे स्पंदन २०१३ मध्ये नोंदवले गेले.

सिंहस्थात नेहमीचे रस्ते बंद असतानाही जुने नाशिककर वाट कशी काढतात?

२०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी कितीतरी नेहमीच्या वाटा अडथळे लावून बंद केल्या होत्या. बाहेरून आलेला भाविक अशा वेळी दाखवलेल्या मार्गानेच जातो, कारण त्याच्याकडे वळणांची यादी असते. ती तुटली की पुढे काहीच उरत नाही. जुन्या रहिवाशाकडे मात्र भांडी बाजार, दहीपूल, हुंडीवाला लेन, तांबट लेन यांचे परस्परांशी असलेले नाते असते. टोलमन यांनी १९४६ च्या सुमारास केलेल्या एका प्रयोगात उंदरांची पाठ झालेली वाट बंद करून त्यांच्यापुढे अनेक नव्या वाटा ठेवल्या होत्या, तेव्हा पुष्कळ उंदरांनी बंद वाटेच्या शेजारची वाट न घेता थेट अन्नाच्या दिशेने जाणारी वाट निवडली.

या निवडीच्या आधी मेंदूत काय चालते हेही आता दिसते. ब्रॅड फायफर आणि डेव्हिड फॉस्टर यांनी २०१३ मध्ये दाखवले की उंदीर क्षणभर थांबलेला असताना त्याच्या स्थानपेशी पुढे जायच्या वाटेच्या क्रमाने, अतिशय वेगाने स्पंद पावतात. पाऊल उचलण्यापूर्वी मेंदू ती वाट चालून पाहतो. चौकात उभे राहून 'इकडून गेलो तर गर्दी लागेल, त्यापेक्षा मागच्या बोळाने जाऊ' असे आपण ठरवतो, तेव्हा आपल्याही हिप्पोकॅम्पसचे काम असेच चालत असावे.

बोळांत वाढलेल्या माणसाला आणि आखीव वसाहतीत वाढलेल्या माणसाला वाटा सारख्याच सापडतात का?

हा प्रश्न सिडकोतील एका विद्यार्थिनीने विचारला होता आणि तो अतिशय चांगला आहे. २०२२ मध्ये ३८ देशांतील ३,९७,१६२ लोकांच्या, मोबाईलवरील एका नौकानयनाच्या खेळातील माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. शहराबाहेर वाढलेल्या लोकांची वाट शोधण्याची क्षमता सरासरीने अधिक चांगली आढळली. आणि शहरवासीयांतही ज्यांचे बालपण वेड्यावाकड्या, अनियमित रस्त्यांच्या शहरांत गेले ते, काटकोनात आखलेल्या रस्त्यांच्या शहरांत वाढलेल्यांपेक्षा सरस ठरले. आखीव शहरांतले लोक मात्र खेळातील आखीव पातळ्यांवर काहीसे बरे खेळले. म्हणजे मेंदू ज्या प्रकारच्या परिसरात वाढतो त्या परिसराला जुळवून घेतो. हा फरक सरासरीचा आहे. आखीव वसाहतीत वाढलेल्या कोणीही त्यामुळे नाउमेद होण्याचे कारण नाही, कारण मोठेपणीही हे कौशल्य वाढते.

त्याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा लंडनच्या टॅक्सीचालकांचा आहे. तेथे परवाना मिळवण्यासाठी शहरातील सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ असावे लागतात आणि त्या तयारीला तीन-चार वर्षे लागतात. एलनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवले की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा असतो, आणि जितकी वर्षे व्यवसायात गेली तितका तो अधिक मोठा आढळतो. पुढील भाग मात्र काहीसा लहान होता, हेही सांगितले पाहिजे. ही कथा सांगताना तेवढे वाक्य बहुधा गाळले जाते. मोठा हिप्पोकॅम्पस असणारेच या व्यवसायात येतात की काय, ही शंका २०११ च्या अभ्यासाने दूर केली. उमेदवारांचे मेंदू प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर तपासले असता, परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांतच ही वाढ दिसली. सुरुवातीला त्यांच्यात आणि इतरांत फरक नव्हता.

मोबाईलवरील नकाशामुळे आपले दिशाज्ञान कमी होते का?

मोबाईल सांगेल तसे वळत राहिल्यास हिप्पोकॅम्पसला फारसे काम उरत नाही, एवढे निश्चित म्हणता येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लंडनच्या सोहो भागातून वाट काढताना, अनेक फाटे असलेल्या रस्त्यावर शिरताच हिप्पोकॅम्पसमधील हालचाल वाढत असे. पण पुढचे वळण यंत्र सांगत असेल तर तशी वाढ होत नसे. २०२० मध्ये कॅनडातील ५० चालकांच्या अभ्यासात, आयुष्यभरात अशा यंत्रांवर अधिक अवलंबून राहिलेल्यांची जागेविषयीची स्मृती कमी भरली, आणि त्यांपैकी तीन वर्षांनी पुन्हा तपासलेल्या १३ जणांत अधिक वापर करणाऱ्यांची घसरण अधिक होती. १३ ही संख्या लहान आहे, त्यामुळे यावरून घाबरून जाऊ नये. माझे मत विचाराल तर, अनोळखी शहरात मोबाईल जरूर वापरावा, पण गंगापूर रोडवरून नाशिकरोडला जाण्यासाठी तो लावू नये. लावलाच, तर निघण्यापूर्वी पूर्ण मार्ग एकदा डोळ्यांखालून घालावा आणि मग आवाज बंद करून निघावे.

स्मृती आणि जागा यांचे काम मेंदूने एकाच भागाकडे का दिले असेल?

सजीवांच्या दृष्टीने पाहिले तर आठवण ठेवण्याचा पहिला उपयोगच हा होता : पाणी कुठे होते, शिकारी प्राणी कुठे भेटला, घरट्याची वाट कोणती. जागा हा आधार होता, आणि प्रसंग त्यावर टांगले गेले.

नाशिकमध्ये याची साक्ष पावलोपावली मिळते. गोदावरीला पूर आला की पाणी किती फूट चढले हे कोणी विचारत नाही. गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत आले, कमरेपर्यंत आले, की छातीपर्यंत, असे विचारतात. १९६९ किंवा २००८ च्या महापुराविषयी जुन्या माणसांना विचारा. ते आधी पाणी कुठल्या पायरीपर्यंत आणि कुठल्या दुकानापर्यंत आले ते सांगतील, आणि ती जागा सांगता सांगता त्या दिवशी घरात कोण होते, कोणी काय वाचवले हे सगळे ओघाने येईल. रंगपंचमीच्या रहाडींचेही तसेच आहे. पेशवेकालीन रंगाचे ते हौद वर्षभर रस्त्याखाली बुजलेले असतात आणि वरून वाहने जातात. तरी शनी चौक, तिवंधा किंवा दिल्ली दरवाजा येथून जाताना त्या भागातील माणसाच्या पायांना ठाऊक असते की रहाड येथे आहे.

प्राचीन ग्रीक आणि रोमन वक्त्यांनी या गुणाचा जाणीवपूर्वक उपयोग केला. भाषणातील मुद्दे ते ओळखीच्या वास्तूतील एकेका जागी मनाने ठेवत आणि बोलताना त्या वास्तूतून मनाने चालत जात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, स्मरणशक्तीचा कोणताही विशेष सराव नसलेल्या व्यक्तींना ही पद्धत सहा आठवडे शिकवल्यावर त्यांना पाठ होणाऱ्या शब्दांची संख्या लक्षणीय वाढली. ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी आपल्या आजोळच्या घरापासून सुरुवात करावी : ओटा, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, परसदार. वाडा जितका ओळखीचा, तितकी आठवण पक्की.

हिप्पोकॅम्पस केवळ जागाच नोंदवतो असेही नाही. प्रसंगातील विशिष्ट क्षणांना स्पंद पावणाऱ्या कालपेशीही तेथे आढळल्या आहेत. कुठे आणि केव्हा हे दोन धागे तेथे विणले जातात, आणि त्यांत 'काय' गुंफले जाते.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास करावा का?

करू नये. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी दाखवले की उंदीर जागेपणी फिरताना ज्या स्थानपेशी एकत्र स्पंद पावल्या, त्याच नंतर झोपेतही एकत्र स्पंद पावतात. पुढील अभ्यासांत असे दिसले की दिवसा चाललेली वाट गाढ झोपेत त्याच क्रमाने, पण कित्येक पट वेगाने, पुन्हा चालली जाते. या उजळणीच्या वेळी उठणाऱ्या सूक्ष्म लहरी २००९ च्या प्रयोगात हेतुपुरस्सर खंडित केल्या, तेव्हा उंदरांचे शिकणे मंदावले. हिप्पोकॅम्पसमध्ये घाईने टिपलेले हळूहळू मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात (कॉर्टेक्समध्ये), मुरवण्याचे काम या उजळणीत होते, असे मानले जाते. मुरांबा जसा मुरू द्यावा लागतो, तसे वाचलेलेही मुरू द्यावे लागते, आणि त्यासाठी झोपेला पर्याय नाही.

अभ्यासाची पद्धतही बदलावी. धडा पुन्हा पुन्हा वाचला की तो येत असल्याचा भास होतो, पण पुस्तक मिटून आठवून पाहिल्याने तो खरा टिकतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र आठवून पाहणारे स्पष्टपणे पुढे गेले. उजळणी सलग न करता मध्ये दिवस सोडून करावी, हे तर हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून लिहून ठेवले आहे.

अगदी लहानपणचे काहीच का आठवत नाही?

वयाची साधारण तीन वर्षे पूर्ण होण्यापूर्वीचे प्रसंग बहुतेकांना आठवत नाहीत. त्या वयात हिप्पोकॅम्पस आणि त्याचे बाह्यकाशी असलेले दुवे अजून घडत असतात आणि प्रसंग शब्दांत बांधण्याइतकी भाषाही आलेली नसते. तरीही मूल त्या काळात माणसे, आवाज, घर हे सगळे शिकत असतेच.

स्पष्ट आठवण म्हणजे खरी आठवण, असे समजावे का?

दुर्दैवाने तसे समजता येत नाही. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी काही लोकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. 'मोटारी एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता?' असे विचारल्यावर लोकांनी अधिक वेग सांगितला, आणि सौम्य शब्द वापरल्यावर कमी. एका आठवड्यानंतर जोरकस शब्द ऐकलेल्यांपैकी अधिक जणांना फुटलेल्या काचा 'आठवल्या'. चित्रफितीत काचा नव्हत्याच.

याचे कारण आठवण्याच्या क्रियेतच आहे. करीम नादर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लदू यांनी २००० साली उंदरांवर दाखवले की पक्की झालेली भीतीची आठवण पुन्हा जागवली की ती काही काळ नरम होते आणि पुन्हा पक्की व्हावी लागते. त्या अवधीत प्रथिनांची निर्मिती रोखली तर आठवण क्षीण होते. म्हणून महापुराची गोष्ट प्रत्येक वेळी सांगताना तिच्यात ऐकणाऱ्यांचे, वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांचे थोडे थोडे मिसळत जाते. सांगणारा खोटे बोलत नसतो. घरात दोन भावांच्या आठवणी जुळत नसतील, तर कृपा करून त्यावरून एकमेकांच्या प्रामाणिकपणावर शंका घेऊ नये.

स्मरणशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या घ्याव्यात का?

निरोगी माणसाची स्मरणशक्ती वाढवते असे सिद्ध झालेले कोणतेही औषध मी सुचवू शकत नाही. चालणे मात्र आवर्जून सुचवतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२० ज्येष्ठांच्या एका अभ्यासात वर्षभर नियमित वेगाने चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे २ टक्क्यांनी वाढला, तर केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा घटला. रोज त्याच मैदानाला फेऱ्या घालण्यापेक्षा कधी गोदाघाट, कधी पांडवलेण्यांचा पायथा, कधी जुन्या पेठांतले बोळ अशी वाट बदलून चालण्यात अधिक गोडी आहे, हा माझा स्वतःचा अनुभव.

घरातील वडीलधारी व्यक्ती ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकू लागली तर काय समजावे?

हा प्रश्न लोक व्याख्यान संपल्यावर, बाजूला येऊन, हळू आवाजात विचारतात. चावी कुठे ठेवली हे विसरणे किंवा एखादे नाव पटकन न आठवणे वयानुसार होते. वर्षानुवर्षांच्या वाटेवर गोंधळणे ही वेगळी गोष्ट आहे. अल्झायमर या आजारात मेंदूच्या बाह्यकातील जो भाग सर्वांत आधी बाधित होतो, तो एंटोरायनल कॉर्टेक्स. म्हणजे जाळीपेशींचेच घर. त्यामुळे वाट चुकणे हे या आजाराचे अगदी आरंभीचे लक्षण असू शकते, आणि त्याकडे 'वय झाले' म्हणून दुर्लक्ष करू नये. मज्जाविकारतज्ज्ञांना किंवा मनोविकारतज्ज्ञांना लवकर दाखवावे. ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य आणि काही औषधे यांमुळेही असेच विस्मरण होते, आणि त्यांवर उपाय असतो.

निदान झालेच, तर घरातील व्यक्तीची नेहमीची जागा शक्यतो बदलू नये. माझी आजी पंचवटीतल्या वाड्यात साठ वर्षे राहिली. वाडा सोडून आम्ही इंदिरानगरच्या सदनिकेत आलो तेव्हा तिचे विस्मरण सुरू झाले होते, आणि रात्री पाणी प्यायला उठली की ती दरवेळी उजवीकडे वळून भिंतीपाशी थांबायची. वाड्यात माजघराचे दार तिथे होते. आम्ही तिला पुष्कळदा समजावले, आणि ते चुकले. अखेर पाण्याचा तांब्या त्या भिंतीपाशीच स्टुलावर ठेवू लागलो, तेव्हा तिची घालमेल थांबली. नवा नकाशा तयार करणारा भाग दुबळा होतो, तेव्हा अनेक वर्षांत बाह्यकात मुरलेला जुना नकाशा बराच काळ शिल्लक राहतो, आणि माणूस त्या नकाशाप्रमाणे चालू लागतो.

यासाठी खिशात किंवा गळ्यातील साखळीत घरचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक असू द्यावा, शेजाऱ्यांना आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आजाराची कल्पना द्यावी, आणि अलीकडचे एक छायाचित्र हाताशी ठेवावे. एवढे करूनही व्यक्ती घराबाहेर पडली आणि दिसेनाशी झाली, तर वेळ न दवडता पोलिसांना कळवावे, आणि त्याच वेळी घरातल्या एकाने तिच्या जुन्या घराच्या, जुन्या शाळेच्या किंवा जुन्या कामाच्या जागेच्या वाटेवर शोध घ्यायला निघावे.